पाईप बीममध्ये शिरण्याआधी

प्रश्न : सांगलीत विश्रामबागला आमचा १० गुंठ्यांचा प्लॉट आहे. खाली स्टिल्ट पार्किंग, वर ५ मजले, मजल्यावर ४ फ्लॅट असा बेत आहे. माझे वडील, अण्णा, ३० वर्षं कागदाच्या ड्रॉइंगवर इमारती उभ्या करत आले. आमचा ड्राफ्ट्समन सांगलीचाच, आरसीसी कन्सल्टंट (काँक्रीटच्या सांगाड्याचं डिझाइन करणारे) मिरजेचे. दोघेही ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतात. यंदा पुण्याच्या एका आर्किटेक्टनं सगळं डिझाइन बीआयएममध्ये (बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, म्हणजे संगणकावर मापं आणि माहितीसकट इमारतीचं थ्रीडी मॉडेल) करू असं सुचवलंय, पण फी बरीच जास्त सांगितली आहे. अण्णा म्हणतात, मिस्त्रीला शेवटी कागदच लागतो, मग हा खर्च कशाला? मला वाटतं, दर साइटवर जी तोडफोड होते ती यानं थांबेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : अण्णांचं खरं आहे आणि तुमचंही. मिस्त्रीच्या हातात शेवटपर्यंत कागदच राहणार. ठरवायचं ते एवढंच, की तो कागद तीन माणसांनी तीन ठिकाणी बसून वेगवेगळा काढलेला असावा, की एकाच मॉडेलमधून निघालेला. २० फ्लॅटच्या, लिफ्ट असलेल्या इमारतीसाठी मॉडेल करून घ्या असंच आम्ही सांगू. मात्र ‘सगळं’ बीआयएममध्ये करायची तुम्हाला गरज नाही.

आधी तोडफोड कुठं होते ते आकड्यांत बघा. मजल्यावर ४ फ्लॅट, फ्लॅटला २ टॉयलेट, ५ मजले; म्हणजे ४० टॉयलेट. टॉयलेटचा स्लॅब ३०० मिमी सनक (म्हणजे फ्लोअर लेव्हलपेक्षा खाली) घेतला, तर कमोडचा ११० मिमीचा पाईप त्या सनकमधून डक्टकडे (उभे पाईप नेण्याच्या मोकळ्या जागेकडे) जातो. वाटेत डक्टच्या कडेचा बीम आडवा येतो. त्या बीमचा माथा इतर बीमसारखा फ्लोअर लेव्हलला ठेवला असेल, तर पाईपला बीम फोडल्याशिवाय वाट नाही. आर्किटेक्टच्या प्लॅनवर बीम नसतो, आरसीसीच्या प्लॅनवर पाईप नसतो, आणि प्लंबर येतो तेव्हा काँक्रीट पडलेलं असतं. मग कोअर कटिंगवाल्याला (मशीननं काँक्रीटला भोक पाडणाऱ्याला) फोन जातो आणि तो नेमकं बीमचं स्टील कापतो. उपाय साधा आहे : डक्टकडच्या बीमचा माथा सनकबरोबर खाली घ्यायचा आणि पाईप बीमवरून न्यायचा. पण हे आरसीसीचं डिझाइन सुरू असतानाच ठरायला हवं, कारण बीम खाली गेला की खालच्या मजल्यावरच्या डक्टच्या खिडकीचा माथाही बघावा लागतो.

दुसरी जागा स्टिल्टची. समजा, पार्किंगच्या फरशीपासून पहिल्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३३०० मिमी आणि बीम ६०० मिमीचा. बीमखाली २७०० उरले. कागदावर छान दिसतं. आता वरून आलेले ड्रेनेजचे पाईप स्टिल्टच्या छताखाली एकत्र करून १२ मीटर लांब चेंबरकडे न्यायचे. १:६० उतार धरला तर १२ मीटरला २०० मिमी उतार. बीमखाली ५० मिमी मोकळी जागा आणि पाईपचे ११० मिळवा, झाले ३६०. पाईपची खालची बाजू शेवटी २३४० मिमीवर आली. स्टिल्टमध्ये किमान २४०० मोकळे असं आपण धरून चालतो, तिथं ६० मिमी कमी पडले, आणि यात क्लॅम्प, कॉलर धरलेलेच नाहीत. प्लॅनवर हा पाईप म्हणजे एक तुटक रेघ असते. रेघेला उंची नसते. मॉडेलमध्ये हीच गोष्ट पहिल्याच आठवड्यात दिसते आणि मग तीन पर्याय हाताशी असतात : चेंबर जवळ आणायचं, डक्टची जागा बाहेरच्या भिंतीकडे सरकवायची, नाहीतर स्टिल्टची उंची एका पायरीनं वाढवायची. स्लॅब पडल्यावर यातला एकही राहत नाही.

पार्किंगचंही तसंच. दोन मोठ्या गाड्या शेजारी लावायला २.५ मीटरप्रमाणे ५ मीटर मोकळे हवेत. कॉलमचं अंतर मध्य ते मध्य ५३०० घेतलं आणि कॉलम ३०० जाडीचे झाले की बरोबर ५००० उरले. दोन्ही बाजूंना १५ मिमी गिलावा केला की ४९७० राहतात. वरच्या मजल्यावर २३० चा असलेला कॉलम स्टिल्टमध्ये ३०० किंवा ३५० चा होतो, ही खबर आर्किटेक्टला उशिरा लागते. जिन्याचीही एकदा खात्री करा : ३३०० उंचीला १५० च्या २२ पायऱ्या, म्हणजे मधलं लँडिंग १६५० वर. त्याच्या १५० च्या स्लॅबखाली फक्त १५०० राहिले. लॉबीची वाट त्याखालून काढली असेल तर माणूस वाकून जाणार.

आता पुण्याच्या आर्किटेक्टकडे जाल तेव्हा आधी हे तपासा, की ते देणार ते खरोखर बीआयएम आहे की ब्रोशरसाठीचं थ्रीडी चित्र. पुष्कळदा दुसरंच असतं. त्यांच्या जुन्या कामाची फाइल समोर उघडायला सांगा. एका भिंतीवर क्लिक केल्यावर जाडी, मटेरियल, मजला आणि घनफळ दिसलं पाहिजे. मग एक खिडकी १२०० ची १५०० करायला सांगा. एलिव्हेशन (बाहेरून दिसणारी बाजू), सेक्शन (उभा छेद) आणि खिडक्यांचा तक्ता तिन्हीकडे त्याच क्षणी बदल आला पाहिजे. शेवटी प्लॅनवर तुम्ही बोट ठेवाल तिथून सेक्शन कापायला सांगा. ‘उद्या काढून देतो’ असं उत्तर आलं, तर ते ड्रॉइंगच आहे, मॉडेल नव्हे.

मॉडेलमध्ये काय घ्यायचं? भिंती, दरवाजे, खिडक्या, जिने, लिफ्टचा खड्डा, डक्ट, टाक्या. आरसीसीचे फूटिंग (कॉलमचा पाया), कॉलम, बीम, स्लॅब त्यांच्या खऱ्या मापात आणि खऱ्या लेव्हलला. पाईप ७५ मिमी आणि त्यावरचेच, उतारासकट. एवढं पुरे. २५ मिमीचे इलेक्ट्रिकचे पाईप, स्टीलचे बार, हँडल, फर्निचर यांत पैसे घालू नका. स्टीलचं बार बेंडिंग शेड्यूल (सळ्या कापायच्या-वाकवायच्या मापांचा तक्ता) मिरजेचे कन्सल्टंट आजवर देत आले तसंच देतील. प्रस्तावात ‘एलओडी ३००’ (एलओडी म्हणजे मॉडेलमधल्या तपशिलाची पातळी) असं लिहिलेलं असेल, तर त्याचा अर्थ घटकाचं माप, जागा आणि लेव्हल नेमकी असणं. तुमच्या कामाला तेवढं पुरतं. ‘एलओडी ४००’ म्हणजे कारखान्यात बनवण्याइतका तपशील. फ्लॅटच्या इमारतीत त्याचे पैसे देऊ नका. आयएसओ १९६५० चा उल्लेख आला तर दबून जाऊ नका. माहितीची देवाणघेवाण कशी करायची याचं ते २०१८ पासूनचं मानक आहे. त्यातलं फाइलींना ठरावीक नावं देणं आणि कोणती आवृत्ती कशासाठी मंजूर हे लिहिणं, एवढं उचला. नागपूर मेट्रोनं खर्च आणि वेळ जोडलेलं ५-डी बीआयएम वापरलं. ते काम कितीतरी किलोमीटरचं आणि अनेक ठेकेदारांचं होतं. तुमच्या २० फ्लॅटना तो पसारा नको.

मॉडेल फसतं ते सहसा सॉफ्टवेअरमुळं नाही, तर मालकानं निर्णय न घेतल्यामुळं. कागदाच्या पद्धतीत निर्णय लांबवता येतो, भिंत बांधायच्या दिवशी ठरवलं तरी चालून जातं. मॉडेलमध्ये भिंत काढायलाच तिची जाडी लागते. म्हणून सुरुवातीलाच या गोष्टी लेखी द्या : बाहेरची भिंत २३० ची वीट की २०० चा एएसी (हलक्या काँक्रीटचा) ब्लॉक, आतली १०० की १५०, फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून किती मिमी, कमोड भिंतीवरचा की जमिनीवरचा, खिडकीच्या चौकटीचा सेक्शन (प्रोफाइल), आणि लिफ्टची कंपनी. लिफ्टचा खड्डा आणि वरची उंची कंपनीनुसार बदलते, म्हणून कंपनीचं ड्रॉइंग हातात आल्याशिवाय शाफ्ट पक्का करू नका. तुमच्या घरात हे निर्णय स्लॅब भरेपर्यंत बदलत राहण्याची सवय असेल, तर खरंच सांगतो, मॉडेलचे पैसे वाया जातील. प्रत्येक बदलाला मॉडेलरचे दिवस लागतात, साइट थांबत नाही, आणि महिनाभरात मॉडेल एक सांगतं, इमारत दुसरं.

मिरजेच्या कन्सल्टंटना नवं सॉफ्टवेअर शिकायला लावू नका. त्यांनी ऑटोकॅडमध्येच द्यावं; त्यावरून स्ट्रक्चरचं मॉडेल आर्किटेक्टच्या ऑफिसनं करावं, असं करारात लिहा. दोन अटी मात्र पाळा. दोघांची ग्रिड (कॉलमची जागा ठरवणाऱ्या उभ्या-आडव्या रेषांची जाळी) एकच असावी : नावं, अंतरं आणि शून्याचा बिंदू. आणि मॉडेल करून झाल्यावर कन्सल्टंटच्या कॉलम लेआउटची फाइल मॉडेलच्या प्लॅनवर ठेवून एकेक कॉलम जुळवावा. २३० बाय ६०० चा कॉलम चुकून आडवा फिरलेला असणं ही इथली नेहमीची चूक. साइटवर आरसीसीसाठी कन्सल्टंटच्या सहीचं ड्रॉइंगच चालेल, मॉडेल नाही, हेही स्पष्ट असू द्या.

आर्किटेक्चर, आरसीसी आणि प्लंबिंग अशी तिन्ही मॉडेल एकत्र ठेवून टक्कर तपासली, म्हणजे ज्याला क्लॅश म्हणतात ते काढले, की सॉफ्टवेअर शेकड्यानं यादी बाहेर टाकतं. घाबरू नका, त्यातले बहुतेक निरर्थक असतात, जसं भिंतीचा गिलावा कॉलमला टेकला. पाचच जोड्या मागा : ड्रेनेज आणि बीम, खिडकीचा माथा आणि बीम, जिना आणि बीम, डक्ट आणि बीम, कॉलम आणि पार्किंग. प्रत्येक टक्करीपुढं कोण सोडवणार आणि कधीपर्यंत हे लिहा. आठवड्यातून एकदा दीड तास बसा, आणि त्या बैठकीला तुमचा प्लंबर असलाच पाहिजे. पाईपला बेंड कुठं घालता येतो आणि तुंबलेला पाईप साफ करायला कुठून हात जाईल, हे त्याच्याइतकं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नसतं. अशा दोन-तीन फेऱ्या धरून सगळं मॉडेल ८ ते १० आठवड्यांत उरकावं. नकाशा मंजुरीला जातो तो वेळ यात बसतो. फूटिंगचं ड्रॉइंग देण्याआधी निदान स्टिल्ट आणि पहिला मजला तपासून झालेला हवा.

मंजुरीसाठी मॉडेल चालत नाही. यूडीसीपीआरप्रमाणे (राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे) महापालिकेत ऑनलाइन दाखल करायचा नकाशा ठरलेल्या लेयरमध्ये, बंद पॉलीलाइन (टोकं जुळलेल्या सलग रेघा) असलेला टूडी कॅडचाच लागतो. मॉडेलमधून काढलेली कॅड फाइल तशीच चढवली तर अडते, कारण लेयर वेगळे आणि रेघा तुटलेल्या. हे काम तुमच्या सांगलीच्या ड्राफ्ट्समनकडंच ठेवा. त्यात त्याचा हात पुण्याच्या ऑफिसपेक्षा चांगला असेल. फक्त त्याला पक्क्या केलेल्या मॉडेलवरून काढायला सांगा आणि त्या आवृत्तीची तारीख नकाशाच्या फाइलच्या नावात घाला.

रेरासाठी (घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्यासाठी) एक सापळा ध्यानात ठेवा. ८ पेक्षा जास्त फ्लॅट असल्यानं तुमची नोंदणी लागणारच. मॉडेल खोल्यांचं क्षेत्रफळ आपोआप देतं, आणि ते बेरजून कार्पेट एरिया म्हणून करारात टाकायचा मोह होतो. पण कायद्यानं कार्पेट एरियात फ्लॅटच्या आतल्या पार्टिशन भिंती धरायच्या असतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगळायची असते. खोल्यांच्या बेरजेत पार्टिशन येतच नाही, म्हणून आकडा कमी येतो. कार्पेटसाठी मॉडेलमध्ये स्वतंत्र एरिया प्लॅन करायला सांगा आणि एका फ्लॅटचं गणित हातानं करून पडताळा. बुकिंग सुरू झाल्यावर मॉडेल कितीही सहज बदलत असलं तरी प्लॅन बदलू नका : रेराच्या कलम १४ प्रमाणे त्या फ्लॅटमधल्या बदलाला घेणाऱ्याची, आणि इमारतीतल्या किंवा सामायिक जागेतल्या बदलाला दोन तृतीयांश घेणाऱ्यांची आधी लेखी संमती लागते.

क्वांटिटीवर भिस्त ठेवताना जपून. मॉडेलनं दिलेलं काँक्रीट बऱ्यापैकी नेमकं असतं, पण बीम आणि स्लॅबची जोडणी नीट झाली नसेल तर दोन्ही एकाच जागी मोजले जातात. २३० चा बीम आणि १२५ चा स्लॅब धरला तर मीटरमागे ०.०२९ घनमीटर जास्त येतं; मजल्यावर १८० मीटर बीम असतील तर ५ घनमीटरच्या वर, म्हणजे पावणेदोन ब्रासपेक्षा (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) जास्त. म्हणून एक मजला हातानं काढा. ३६० चौरस मीटरचा १२५ मिमी स्लॅब ४५ घनमीटर, म्हणजे साधारण १६ ब्रास. मॉडेलचा स्लॅबचा आकडा याच्या आसपास नसेल तर पुढं जाऊ नका. गिलाव्याचा वाद वेगळाच असतो. मॉडेल खिडकीचं भोक दोन्ही बाजूंनी वजा करतं. आयएस १२०० या मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे ०.५ ते ३ चौरस मीटरचं भोक एकाच बाजूला वजा होतं, म्हणून १.५ बाय १.२ च्या प्रत्येक खिडकीमागं ठेकेदाराचं बिल १.८ चौरस मीटरनं जास्त दिसेल. तो फसवत नाही. कोणत्या पद्धतीनं मोजायचं ते वर्क ऑर्डरमध्येच लिहा.

साइटवर मिस्त्रीला मॉडेल शिकवायची गरज नाही. सुपरवायझरच्या मोबाइलवर फुकट व्ह्यूअर (मॉडेल फक्त बघायचं ॲप) टाका आणि मिस्त्रीला मॉडेलमधून निघालेले, आजवर कधी मिळाले नव्हते असे दोन कागद द्या. पहिला, स्लीव्ह प्लॅन (पाईपसाठी काँक्रीटमध्ये आधीच ठेवायच्या नळ्यांचा) : त्यावर फक्त भोकं, त्यांचा व्यास आणि ग्रिडपासूनची अंतरं, बाकी काही नाही. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी तो हातात धरून स्लीव्ह मोजायचे आणि फोटो काढून ठेवायचे. दुसरा, प्रत्येक मजल्याच्या वीटकामाचा लाइन-आउट (भिंतींची आखणी), कॉलमच्या तोंडापासून मापं दिलेला. मॉडेल मिमीत असतं, आपला गवंडी इंच-सुतात बोलतो. महत्त्वाच्या मापांखाली फूट-इंचही ड्रॉइंगवरच छापून घ्या. साइटवर एकानं २३० चे ९ इंच आणि दुसऱ्यानं सव्वानऊ केले की चौकट बसत नाही. नवीन कागद आला की जुना परत घ्या, त्यावर ‘रद्द’ मारा, आणि कोणता कागद कोणाला दिला त्याची वही ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या ड्रॉइंगवर काम करायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा.

सांगलीत एक गोष्ट मॉडेलकडून आवर्जून करून घ्यावी. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आणि तेव्हापासून प्रत्येक जण फुटातच बोलतो. पण पुलावरचे फूट म्हणजे तिथल्या मोजपट्टीवरची पाण्याची उंची. तुमच्या प्लॉटची लेव्हल नव्हे. सर्व्हेअरकडून प्लॉटची समुद्रसपाटीपासूनची लेव्हल काढा, जवळ न हलणारी एक पक्की खूण करा, आणि जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेची तिथली लेव्हल मॉडेलमध्ये आडव्या पातळीसारखी घाला. निळी रेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. मग मीटर पॅनल, जमिनीखालच्या टाकीचं झाकण, लिफ्टचा खड्डा आणि शेवटचं ड्रेनेज चेंबर त्या पातळीच्या वर आहेत की खाली, हे एका सेक्शनमध्ये दिसतं. प्लॉट रेषेच्या बाहेर असला तरी बघा. ड्रेनेज उलटं फिरतं ते रेषा बघून फिरत नाही.

फीचं गणित अण्णांसमोर असं मांडा. मागच्या साइटची बिलं आणि हजेरी वही काढा. तीन रकाने करा : तोडफोड आणि कोअर कटिंग, दुसऱ्यांदा केलेलं काम, आणि ड्रॉइंगअभावी माणसं बसून राहिलेले दिवस. त्यात त्या दिवसांचं कर्जाचं व्याज मिळवा. बेरीज जादा फीपेक्षा कमी आली तर अण्णांचं ऐका. तसं झालं, किंवा पुढं एखादा बंगला वा ४ रो-हाउस आली, तर कॅडवरही बरंच साधता येतं. आर्किटेक्ट, आरसीसी आणि प्लंबिंग या तिन्ही फाइली एकमेकींवर ठेवायच्या, आणि प्रत्येक टॉयलेट, जिना आणि डक्ट यांचा १:२० चा सेक्शन बीमसकट काढून घ्यायचा. आठ फ्लॅटपर्यंत, लिफ्ट नसेल तर, एवढी शिस्त पुरते.

मॉडेल घ्यायचं ठरलं तर फी टप्प्यांनी द्या आणि शेवटचा हप्ता स्लीव्ह प्लॅन हातात आल्यावरच. करारात मूळ फाइल, तिच्यासोबत आयएफसी (वेगवेगळ्या बीआयएम सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल) आणि पीडीएफ मिळणार असं असू द्या. कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती तेही लिहा. रेव्हिट या बीआयएम सॉफ्टवेअरची फाइल एकदा नव्या आवृत्तीत जतन झाली की जुन्यात उघडत नाही, म्हणून मध्येच आवृत्ती बदलायची नाही. ताबा दिल्यावर ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी कायद्यानं तुमच्यावर असते. तेव्हा पाईप कुठून गेला हे शोधायला सोसायटीचं कोणी मॉडेल उघडणार नाही. प्रत्येक मजल्याचा पीडीएफ आणि काँक्रीटआधीचे फोटो त्यांना द्या.

आणि पुण्याला जायच्या आधी एक संध्याकाळ अण्णांजवळ बसा. ३० वर्षांत त्यांच्या इमारतींत नेमक्या कुठल्या दहा जागा फोडाव्या लागल्या, त्या लिहून घ्या : कुठला पाईप, कुठला बीम, कुठली चौकट. आर्किटेक्टला मॉडेलमध्ये सर्वात आधी त्याच दहा जागा तपासून दाखवायला सांगा. त्या दिवशी अण्णांना सोबत घेऊन जा.